दोनशे तीन आणि दोनशे दोन

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे मध्यंतरी संगणकाला हात लावायची मनाई होती. आता परवानगी मिळाली आहे. (सौ.ची. डॉक्टरांची आधीच मिळाली होती.)

आजच्या लेखाला निमित्त झालं आमच्या नातीचं. ती अमेरिकेतच जन्मली आणि वाढली. २०२४ साली तिनं आयुष्यातलं पहिलं मत दिलं, तेही खऱ्या निवडणुकीत नाही तर तिकडच्या 'प्रायमरी'त. पक्षाचा उमेदवार कोण असावा हे तिकडे पक्षाचे पुढारी ठरवत नाहीत, पक्षाकडे कल असलेले साधे मतदार ठरवतात, तेही मतदान करून. पोरगी उत्साहानं गेली, तर केंद्रावर शुकशुकाट. तिच्यापुढं एक म्हातारं जोडपं आणि मागं कोणीच नाही. फार हिरमुसली. फोनवर मला म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे प्रायमरी असते का? आणि किती लोक जातात?"

मी तेहेतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. प्रश्न आला की उत्तर द्यायचं ही खोड जात नाही. म्हटलं, "तुमच्यासारखी नसते. पण पक्षातल्या पक्षात निवडणुका झाल्या आहेत, आणि त्यातल्या दोन तर अशा झाल्या की देशाचं राजकारण हललं." तिला अर्धा तास सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं, किती लोक जातात याचं, उत्तर मी दिलंच नाही. का दिलं नाही ते शेवटी सांगतो.

पहिली निवडणूक १९३९ ची. काँग्रेसची तेव्हाची रचना अशी होती: चार आणे भरले की माणूस प्राथमिक सभासद. सभासद आपले प्रतिनिधी निवडणार आणि ते प्रतिनिधी आपापल्या प्रांतात अध्यक्षासाठी मत देणार. कागदावर पद्धत उत्तम. पण प्रत्यक्षात कित्येक वर्षं अध्यक्ष एकमतानं ठरायचा. थोर मंडळी आपसात बोलायची, गांधीजींचा कल बघायची, बाकीची नावं मागं घेतली जायची आणि मग टाळ्या. सुभाषबाबू १९३८ साली हरिपुऱ्याला अध्यक्ष झाले ते असेच.

पुढच्या वर्षी सुभाषबाबू पुन्हा उभे राहिले. इंग्रजांच्या संघराज्याच्या योजनेशी उजव्या गटाचे लोक तडजोड करतील अशी त्यांना शंका होती, आणि ती त्यांनी उघड बोलून दाखवली. मौलाना आझादांचं नाव पुढं आलं होतं, ते त्यांनी मागं घेतलं आणि पट्टाभी सीतारामय्यांना पाठिंबा दिला. तेव्हा कार्यकारिणीतल्या सात जणांनी एक पत्रक काढलं. अध्यक्षाची निवड एकमतानं व्हावी ही प्रथा आहे, खास कारण असल्याशिवाय त्याच माणसाची फेरनिवड होऊ नये, तरी सुभाषबाबूंनी निवडणूक टाळावी, असा त्याचा सूर. ती सात नावं मी वर्गात मुद्दाम फळ्यावर लिहायचो: वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद, जयरामदास दौलतराम, आचार्य कृपलानी, जमनालाल बजाज, भुलाभाई देसाई आणि आपले शंकरराव देव. यातली कृपलानी आणि देव ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

सुभाषबाबूंनी माघार घेतली नाही. २९ जानेवारी १९३९ ला मतदान झालं. सुभाषबाबूंना १५८० मतं पडली, पट्टाभींना १३७७. फरक २०३ मतांचा. बंगाल सुभाषबाबूंच्या मागं होता, पंजाब आणि कर्नाटकही. गुजरात आणि आंध्र पट्टाभींच्या मागं.

माझे विद्यार्थी इथं हमखास विचारायचे, "सर, मग सुभाषबाबू जिंकले ना?" जिंकले, आणि तीन महिन्यांत राजीनामा देऊन बाहेर पडले. निकालानंतर गांधीजींनी निवेदन काढलं की हा पराभव पट्टाभींपेक्षा माझाच जास्त आहे. गंमत बघा, गांधीजी १९३४ पासून काँग्रेसचे चार आण्याचेही सभासद नव्हते. त्यांना मत नव्हतं, ते उमेदवारही नव्हते, पण हरले ते! फेब्रुवारीत कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरलं तेव्हा सुभाषबाबू तापानं फणफणलेले, त्यांना स्ट्रेचरवरून मंडपात आणावं लागलं. गांधीजी तिकडे राजकोटला उपोषणात गुंतलेले. अशात गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला, की अध्यक्षांनी आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. ठराव मंजूर झाला. ज्यांच्या बळावर सुभाषबाबू निवडून आले होते त्यांपैकी समाजवादी मंडळी ऐन वेळी तटस्थ राहिली. एप्रिलअखेर कलकत्त्याला सुभाषबाबूंनी राजीनामा दिला, राजेंद्रबाबू अध्यक्ष झाले आणि मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉक निघाला.

म्हणजे मतपेटीतून एक अध्यक्ष निघाला, पण पक्षानं त्याला पचवलं नाही. मी तरुणपणी हे शिकवताना गांधीजींवर रागवायचो. मुलांना ते आवडायचं. वय वाढलं तसा राग कमी झाला आणि त्याच निवेदनातलं दुसरं एक वाक्य टोचायला लागलं. गांधीजी म्हणाले होते की काँग्रेसच्या सभासद-वह्यांमध्ये खोट्या सभासदांची नावं फार मोठ्या संख्येनं आहेत. तीन-चार वर्षांपूर्वी ज्या पक्षाचे पाच लाखही सभासद नव्हते, त्याचे चाळीस लाखांच्या वर झाले होते. प्रांतांत मंत्रिमंडळं आली होती, सत्तेजवळ गर्दी होणारच. कोणी चार आणे स्वतःच्या खिशातून भरले आणि कोणाचे दुसऱ्यानं भरले, हे कोण तपासणार?

हारलेल्या बाजूनं काढलेली ही कुरकुर आहे असं सुभाषबाबूंच्या बाजूचे म्हणतील, आणि त्यात तथ्यही आहे. पण म्हणून ती खोटी ठरत नाही.

आता दुसरी निवडणूक, १९५० ची. ही आमच्या घरात शिरलेली आहे, त्यामुळे थोडं घरचंही सांगतो.

स्वातंत्र्य मिळालं होतं, गांधीजी गेले होते. १९३९ साली हरलेले पट्टाभी १९४८ साली अध्यक्ष झाले, तेही पुरुषोत्तमदास टंडन यांना थोड्या मतांनी हरवून. १९५० साली टंडन पुन्हा उभे राहिले. ते हिंदीचे कट्टर पुरस्कर्ते, राहणी ऋषीसारखी, निर्वासितांच्या बाजूनं कडक बोलणारे. सरदार पटेलांचा त्यांना पाठिंबा. नेहरूंना ते नको होते. धर्माच्या नावावर चाललेल्या राजकारणाला यामुळं बळ येईल असं त्यांचं म्हणणं होतं. टंडन यांच्या विरोधात उभे राहिले कृपलानी आणि तिसरे शंकरराव देव.

म्हणजे बघा, अकरा वर्षांपूर्वी 'अध्यक्षाची निवड एकमतानं व्हावी, निवडणूक नको' म्हणून ज्या दोघांनी एकाच कागदावर सही केली होती, तेच आता एकमेकांविरुद्ध मतं मागत होते. मी यात त्यांना हसत नाही. उलट मला हे प्रामाणिक वाटतं. गांधीजी असताना सगळे कलह एका माणसापाशी जाऊन मिटत. तो माणूस गेल्यावर मोजणीशिवाय दुसरा उपाय उरला नाही.

निकाल असा लागला: टंडन १३०६, कृपलानी १०९२, देव २०२. एकूण मतं २६००. निम्मी म्हणजे १३००. टंडन निम्म्याच्या वर अवघ्या सहा मतांनी होते. आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, हे गणित मला पाटीवर घालायचे. "शंकररावांची सगळी मतं कृपलानींना दिली तर किती होतील?" मी मांडायचो, १२९४. "तरी किती कमी?" बारा. मग अण्णा म्हणायचे, "बघ, शंकररावांमुळं कृपलानी पडले म्हणतात ते खोटं आहे."

अण्णा शंकररावांच्या शब्दातले. तालुक्यातले साधे कार्यकर्ते, प्रतिनिधीसुद्धा नव्हते. त्या वर्षी सप्टेंबरात नाशिकला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून गेले होते, मंडपात पाणी वाढायला. तो कापडी बिल्ला अजून माझ्या कपाटात आहे, रंग पार उडालेला. त्या अधिवेशनात नेहरूंनी आपल्या धोरणाचे ठराव मांडले आणि ते मंजूर झाले. म्हणजे ज्या पक्षानं तीन आठवड्यांपूर्वी टंडन यांना निवडलं त्याच पक्षानं नेहरूंची धोरणंही उचलून धरली. अण्णा म्हणायचे, "लोक त्याच हातांनी टाळ्या वाजवत होते रे."

पुढचं बहुतेकांना ठाऊक असेल. डिसेंबर १९५० मध्ये सरदार गेले. १९५१ साली कृपलानी काँग्रेस सोडून गेले, त्यांनी किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. ऑगस्टमध्ये नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला, सप्टेंबरात टंडन यांनी अध्यक्षपद सोडलं आणि पंतप्रधान नेहरूच पक्षाचेही अध्यक्ष झाले. पुन्हा तेच! १९३९ साली निवडून आलेला अध्यक्ष तीन महिने टिकला, १९५० साली निवडून आलेला एक वर्ष. दोन्ही वेळा मतमोजणी चोख झाली आणि दोन्ही वेळा निर्णय दुसरीकडेच लागला. मग १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. देशात सुमारे ४५ टक्के मतदान झालं आणि काँग्रेसला ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. कृपलानींच्या पक्षाला नऊ.

आमच्या गावात मात्र ही फूट आधीच, १९४८ साली पडली होती. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्षात गेले. अण्णांचा एक जिवलग मित्र त्यांच्याबरोबर गेला. दोघं बेचाळीसच्या चळवळीत बरोबर तुरुंगात होते, एका ताटात जेवलेले. माझा जन्म १९५१ चा. मी कळता झालो तेव्हा हे काका आमच्या घरावरून जाताना मान वळवून जायचे. मला वाटायचं त्यांची मानच तशी आहे. १९५४ साली जेधे स्वतः काँग्रेसमध्ये परत आले. पुढाऱ्यांची फूट सहा वर्षांत सांधली. अण्णांची आणि काकांची सांधायला अण्णांना जावं लागलं. काका अंत्ययात्रेला आले, खांदा दिला आणि घरात न येता ओट्यावरूनच परत गेले. आई चहा करून बसली होती.

नातीला मी हे सगळं सांगितलं. नंतरचंही थोडं सांगितलं. १९९७ साली सीताराम केसरींना ६२२४ मतं, आपल्या शरद पवारांना ८८२ आणि राजेश पायलटांना ३५४. सन २००० मध्ये सोनिया गांधींना ७४४८ आणि जितेंद्र प्रसादांना फक्त ९४. आणि २०२२ साली खर्गेंना ७८९७, थरूर यांना १०७२, आणि ४१६ मतं बाद. ती म्हणाली, "पण आजोबा, टर्नआउट?" २०२२ चं मला माहीत होतं, सुमारे ९६ टक्के. सांगितलं असतं तर पोरीला वाटलं असतं, बघा, भारतात शंभरातले शहाण्णव जातात आणि आमच्याकडे शुकशुकाट. पण हे शहाण्णव टक्के साडेनऊ-दहा हजार प्रतिनिधींचे. तिच्या केंद्रावर आलेली ती तीन माणसं कोणी निवडून पाठवलेली नव्हती, आपापल्या मनानं आली होती. या दोन टक्केवाऱ्या एका तराजूत घालता येत नाहीत. टक्केवारीच्या खाली जी यादी असते ती कोणी आणि कशी केली, हे आधी विचारायला हवं.

आणि यादीबद्दल मी कोणत्या तोंडानं बोलू? म्हणून गप्प बसलो.

गोष्ट अशी. मला नोकरी लागून चार वर्षं झाली होती, अजून कायम व्हायचो होतो. आमच्या संस्थेच्या संचालकांपैकी एकजण एका पक्षाचे तालुक्यातले पुढारी होते. पक्ष कोणता ते लिहीत नाही. त्यांच्या पक्षात दोन गट, तालुका कमिटीची निवडणूक आलेली. त्यांनी मला घरी बोलावलं, चहा पाजला आणि सभासद नोंदणीची तीन पुस्तकं पुढं ठेवली. प्रत्येकात पंचवीस पावत्या. "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं आहे," एवढंच म्हणाले. वर्गणी त्यांनीच भरली होती.

मी काय केलं? शाळेचं हजेरीपट घरी आणलं आणि पालकांची नावं उतरवली. पंच्याहत्तर नावं. नव्यानंच लग्न झालं होतं, सौ.नं विचारलं काय लिहिताय, तर म्हटलं, शाळेचं काम आहे. अण्णा तेव्हा हयात होते, शेजारच्या खोलीत झोपले होते. कंदील बारीक करून लिहिलं हे मला अजून आठवतं.

निवडणूक झाली. आमच्या केंद्रावर जवळजवळ शंभर टक्के मतदान झालं. पेढे आले, स्टाफरूममध्ये वाटले गेले. मीही खाल्ला.

आठ-दहा दिवसांनी एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले. कोरडवाहू शेतकरी, पायात वहाण नाही. बाहेरच उभे राहिले. मी गेलो तर हात जोडून म्हणाले, "गुरुजी, मी म्हनं पार्टीचा मेंबर झालोय, आन मत बी दिलंय. मी तर त्या दिशी सासुरवाडीला हुतो. मग माजं मत कुनी दिलं?"

त्यांचा मेहुणा दुसऱ्या गटात होता. यादीत यांचं नाव बघून, सहीच्या रकान्यात अंगठा बघून तो घरी येऊन भांडून गेला होता. बहिणीला माहेरी पाठवणार नाही म्हणाला होता. या माणसाला गट म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "नावात काहीतरी घोटाळा झाला असेल. एकाच नावाचे दोघं असतात." ते म्हणाले, "आसं व्हय. तुमी म्हनता म्हंजे तसंच आसंल." आणि गेले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला कारण मी त्यांच्या मुलाचा मास्तर होतो. मेहुण्याचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. त्या वर्षाअखेर मी नोकरीत कायम झालो.

त्यानंतर दरवर्षी त्रिपुरी शिकवताना खोट्या सभासदांचा भाग मी भरभर उरकायचो. परीक्षेला येत नाही असं सांगायचो. खरंच येत नसे. तो गृहस्थ केव्हाच वारला. त्याचा मुलगा पुढं चांगला शिकला, कुठं आहे मला माहीत नाही. अण्णांना मी हे कधी सांगितलं नाही. ज्या माणसानं एका यादीतल्या फुटीपायी जिवलग मित्र गमावला, पण बारा मतांचा हिशोब खोटा होऊ दिला नाही, त्याला काय सांगणार होतो?

रविवारी नातीचा फोन येईल. या वेळी तिला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. आमच्याकडे एकदा जवळजवळ शंभर टक्के मतदान झालं होतं, आणि त्यातली पंच्याहत्तर मतं तुझ्या आजोबांच्या चांगल्या अक्षरातली होती, हे सांगणार आहे. तुझ्या केंद्रावरची तीन माणसं त्याहून पुष्कळ जास्त होती, हेही.

घरची मंडळी हे वाचतीलच. सौ.नं कच्चा मजकूर वाचला आहे. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाली, "शाळेचं काम नव्हतं हे मला तेव्हाच कळलं होतं."

असो. डोळे दुखायला लागले, आज इथंच थांबतो.